सहा सहा तासांचं वेळापत्रक

मी एस.टी.त 31 वर्षं काढली. त्यातली शेवटची बरीच वर्षं चिपळूण आगारात वाहतूक नियंत्रक म्हणून. पावसाळ्यात कुंभार्ली घाटात दरड आली की कराडकडे जाणाऱ्या गाड्या स्थानकातच थांबायच्या आणि चौकशीच्या खिडकीसमोर माणसं दाटायची. त्यामुळे अडकलेला प्रवासी कसा दिसतो, काय विचारतो, कधी चिडतो हे मला पाठ आहे. पण मी कायम खिडकीच्या आतल्या बाजूला होतो. बाहेरच्या बाजूला पाच रात्री काढायची वेळ आली ती निवृत्तीनंतर, आणि तीही फ्रँकफुर्टच्या विमानतळावर.

एप्रिल 2010 ची गोष्ट. शिकागोजवळ राहणाऱ्या मुलाकडे पाच महिने राहून मी आणि ही परत निघालो होतो. शिकागो ते फ्रँकफुर्ट, तिथे विमान बदलून मुंबई, मग कराड. अधिक वैशाख लागत होता. लेक-जावयाला बोलवायचं, धोंडे करायचे, वाण द्यायचं, हे सगळं हिच्या डोक्यात महिनाभर आधीपासून चालू होतं. गुरुवारी 15 तारखेला निघायच्या आधी मुलाने बातम्यांत पाहिलं की आइसलँडमध्ये ज्वालामुखी फुटलाय आणि लंडनचं आकाश बंद केलंय. त्याने विमान कंपनीला फोन लावला. "फ्रँकफुर्ट चालू आहे, या," असं उत्तर मिळालं. आम्ही निघालो.

शुक्रवारी भल्या सकाळी उतरलो. त्यानंतर काही वेळातच विमानतळ बंद झाला. मोठ्या पाटीवर मुंबईच्या ओळीपुढे आधी 'उशीर' आलं, मग 'रद्द'. मग वरच्या आणि खालच्या ओळीही तशाच होत गेल्या. दिल्ली, सिंगापूर, जोहान्सबर्ग, सगळ्या. मी हिला म्हटलं, "अगं, सगळ्याच फेऱ्या रद्द आहेत. म्हणजे आपल्याच गाडीचं काही बिघडलेलं नाही." ती म्हणाली, "अहो, मग घाट कुठला बंद झालाय?"

घाट दिसत नव्हता, हीच खरी अडचण होती. काचेबाहेर आकाश स्वच्छ निळं होतं. त्यात एकही पांढरी रेघ नव्हती. धावपट्टीच्या कडेला विमानं शेपट्या वर करून ओळीने उभी होती आणि काहीही हलत नव्हतं. दरड कोसळली की दगड दिसतात, माती दिसते, जेसीबी दिसतो, लोक समजून घेतात. इथे माणसं काचेला नाक लावून विचारत होती, "राख कुठाय?"

हे मला समजावून सांगितलं ते आमच्याच विमानातून आलेल्या एका मुलाने. नगरचा होता, अमेरिकेत मेकॅनिकल शिकत होता, सुट्टीवर घरी चालला होता. तो म्हणाला, "काका, ही चुलीतली राख नाही. हा दगडाचा आणि काचेचा पीठ केलेला चुरा आहे." हा ज्वालामुखी हिमनदीच्या खाली आहे. त्याचं नाव एयाफ्यात्लायोकुत्ल, म्हणजे बेटांच्या डोंगरांवरची हिमनदी. मार्चमध्ये तो शेजारच्या उघड्या जागेतून फुटला होता, तेव्हा कुणाचंच अडलं नाही. 14 एप्रिलला मात्र तो थेट बर्फाखाली फुटला. वितळलेलं पाणी आणि तापलेला लाव्हारस एकत्र आले आणि त्या रसाचा स्फोट होऊन बारीक धूळ झाली. ती काही किलोमीटर उंच उडाली आणि वायव्येच्या वाऱ्याने सरळ युरोपवर आली. विमानाच्या इंजिनात तापमान 1400 अंशांच्या पुढे जातं. ही काच साधारण 1100 अंशांना वितळते. आत गेली की वितळते आणि पुढे पात्यांवर जाऊन पुन्हा घट्ट बसते. हवेची वाट बंद झाली की इंजिन बंद पडतं. जून 1982 मध्ये जावा बेटावरच्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत एका जंबो जेटची चारही इंजिनं रात्रीच्या वेळी बंद पडली होती. वैमानिकांनी विमान तसंच तरंगत खाली आणलं, राखेच्या बाहेर आल्यावर इंजिनं पुन्हा चालू झाली आणि जकार्ताला उतरताना समोरची काच इतकी घासली गेली होती की पलीकडचं धड दिसत नव्हतं. आणि ही राख कोरडी असल्यामुळे विमानाच्या हवामान रडारला ती दिसत नाही.

हे ऐकल्यावर माझ्या मनातला राग गेला. घाट बंद करणाऱ्याने बरोबरच केलं होतं. राग पुढे आला तो वेगळ्याच कारणाने.

पहिल्या दिवशी दुसरं विमान मिळवायच्या रांगेत मी सात तास उभा होतो. ही बाकावर सामान सांभाळत बसली होती. रांग कशाची आहे हे रांगेतल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. कुणाला जेवणाची कुपनं हवी होती, कुणाला बॅग, कुणाला फक्त एवढंच विचारायचं होतं की आता पुढे काय. माझा नंबर आला तेव्हा काउंटरवरच्या मुलीने 26 तारखेचं तिकीट हातात ठेवलं. म्हणजे दहा दिवस! मी विचारलं, तोपर्यंत राहायचं कुठे? तिने पासपोर्ट पाहिला आणि मान हलवली.

आमच्या पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता. त्याच्या जोरावर विमानतळाच्या आत विमान बदलता येतं. पण दार ओलांडून जर्मनीत पाऊल टाकायचं तर शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा, लागतो, आणि तो आमच्याकडे नव्हता. ज्यांच्याकडे युरोपचा किंवा अमेरिकेचा पासपोर्ट होता ते संध्याकाळपर्यंत हॉटेलांत गेले, रेल्वेने गेले, भाड्याच्या गाड्या करून गेले. मागे उरलो आम्ही: भारतातले, बांगलादेशचे, आफ्रिकेतले, फिलिपिन्सचे. एकाच विमानातून उतरलेल्या माणसांची अशी वाटणी झाली. त्यात कुणा एकाचा दोष होता असं मी म्हणणार नाही, पण रात्री दिवे मंद झाल्यावर त्या दालनात कोण कोण उरलंय हे पाहिलं तेव्हा छातीत काहीतरी टोचलं, ते अजून आठवतं.

विमानतळाच्या लोकांनी मात्र माणुसकीने केलं. कॅन्व्हासच्या घडीच्या खाटा आणल्या, ब्लँकेटं, टूथब्रश, पाणी, लहान बाळांसाठी डायपर आणले. आमच्या शेजारच्या खाटेवर नागपूरची एक मुलगी दहा महिन्यांच्या बाळाला घेऊन होती, एकटी. तिचा नवरा अमेरिकेतच राहिला होता. दुसऱ्या दिवसापासून ते बाळ आमच्या हिच्याच मांडीवर झोपायचं आणि ती पोरगी "काकू, दोन तास डोळा लागला हो," म्हणून उठायची.

आता इन्सुलिनचं सांगतो, कारण आमच्या सगळ्या प्रवासात खरी भीती त्याचीच होती.

हिला बारा वर्षं मधुमेह. सकाळी 24 युनिट, संध्याकाळी 14. घरी पोचेपर्यंत पुरेल असा हिशोब करून शेवटची बाटली पर्समध्ये ठेवली होती. वर दोन दिवसांची जास्तीची सोय. शनिवारी संध्याकाळी मी बाटली दिव्यासमोर धरली तेव्हा तळाशी जेमतेम रविवार सकाळपुरतं उरलं होतं. बॅगेत आणखी काही नव्हतं, आणि असतं तरी ती बॅग आमच्या हाती येणार नव्हती. मी काउंटरवर गेलो, नगरचा मुलगा सोबत आला. त्याने इंग्रजीत सांगितलं आणि अर्ध्या तासात एक डॉक्टरीणबाई आणि एक परिचारिका आमच्या खाटेपाशी आल्या.

माझ्याकडे कराडच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. अक्षर तसं नीट, पण त्यावर कंपनीचं नाव होतं, औषधाचं मूळ नाव नव्हतं. रिकामी होत आलेली बाटली हाच खरा उपयोगी कागद ठरला. बाईंनी ती उलटसुलट करून वाचली आणि त्यांचं बोट एका आकड्यावर थांबलं: 40. मग त्यांनी आमची सिरिंज मागितली. तिचं टोपण लाल. त्यांनी आपल्या पेटीतून दुसरी काढली, तिचं टोपण नारिंगी. दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. आपल्याकडे सहसा बाटलीत एका मिलिलिटरला 40 युनिट असतात आणि लाल टोपणाच्या सिरिंजवरच्या खुणा त्याच मापाच्या असतात. त्यांच्याकडे मिळणारं होतं 100 चं. म्हणजे आमच्या सिरिंजमध्ये त्यांचं इन्सुलिन 24 च्या खुणेपर्यंत भरलं असतं, तर 24 नाही, 60 युनिट अंगात गेले असते. अडीचपट. साखर उतरून ही झोपेतच बेशुद्ध झाली असती, आणि त्या गर्दीत मला वाटलं असतं की दमून झोपलीय.

बाईंनी आमच्या उरलेल्या लाल सिरिंजा एका पाकिटात घालून पाकीट चिकटपट्टीने बंद केलं, वर पेनने मोठी फुली मारली आणि इन्सुलिनचं पेन दिलं. त्यात खूण पाहायची नसते, चकती फिरवून आकडा लावायचा. हिच्याकडून तीन वेळा करून घेतलं. शिवाय इंग्रजीत एक पत्र लिहून दिलं: रुग्णाला मधुमेह आहे, औषधाचा साठा मर्यादित आहे, लवकरात लवकर घरी पोचवावं. ते पत्र मी घडी करून पासपोर्टमध्ये ठेवलं. त्याचा पुढे किती उपयोग होणार आहे हे तेव्हा कळलं नव्हतं.

रविवार उजाडला. टीव्हीवर पोलंडच्या राष्ट्राध्यक्षांची अंत्ययात्रा दाखवत होते. ते विमान अपघातात गेले होते, क्राकोला अंत्यसंस्कार होते आणि कितीतरी देशांचे प्रमुख तिथे पोचूच शकले नव्हते. जर्मनीच्या चान्सेलर मर्केल अमेरिकेतून परतताना लिस्बनला उतरल्या, तिथून रोम आणि मग रस्त्याने घरी, असंही दाखवलं. हे पाहून आमच्यातल्या एक-दोघांचा आवाज जरा खाली आला. पण दुपारपर्यंत तो पुन्हा चढला. कारण तेच: कुणी काही सांगत नव्हतं. एक माणूस काउंटरवर हात आपटून ओरडला, त्याच्यामागे दहा जण ओरडले. आतली मुलगी रडकुंडीला आली होती. तिच्या डोळ्यांखालची वर्तुळं मला ओळखीची होती. ती माझीच होती, 2005 च्या जुलैमध्ये चिपळूण पाण्यात असतानाची.

मी नगरच्या मुलाला म्हटलं, "हे बंद ठेवायचं कोण ठरवतं, आणि कधी ठरवतं, ते शोध." त्याने लॅपटॉपवर पाहिलं. जगात राखेवर लक्ष ठेवणारी नऊ केंद्रं आहेत. आइसलँडची राख लंडन केंद्राकडे येते, आणि ते केंद्र चालवतात ब्रिटनच्या हवामान खात्याचे लोक, एक्सेटर गावातून. ते दर सहा तासांनी नकाशा काढतात. ग्रीनिचच्या घड्याळाप्रमाणे मध्यरात्री, सकाळी 6, दुपारी 12 आणि संध्याकाळी 6 ला. जर्मनीच्या उन्हाळी घड्याळात म्हणजे रात्री 2, सकाळी 8, दुपारी 2 आणि रात्री 8. मी दोन दिवस पाटीवर काय पाहत होतो ते एकदम लक्षात आलं. विमानतळ बंद असल्याची मुदत 'दुपारी 2 पर्यंत' असायची, मग ती 'रात्री 8 पर्यंत' व्हायची, मग 'रात्री 2 पर्यंत'. लोकांना वाटायचं की हे आपल्याला झुलवतायत. पण हे वेळापत्रक होतं! सहा सहा तासांचं, साधं, सरळ वेळापत्रक. ते फक्त कुणी फलाटावर लावलं नव्हतं.

चिपळूणला माझा एक शिरस्ता होता. घाट कधी उघडेल हे मलाही माहीत नसायचं. पण पुढची खबर किती वाजता देणार हे मी कायम सांगायचो. "साडेचारला पुन्हा सांगतो." साडेचारला खबर नसली तरी माइकवर यायचं आणि म्हणायचं, अजून काही नाही, आता साडेपाचला. माणूस चहाला जातो, लघवीला जातो, घरी फोन करतो, मुलाला झोपवतो. खिडकी सोडून जाऊ शकतो. अडकलेल्या माणसाला जेवण हवंच, पण त्याच्याआधी त्याला ही मोकळीक हवी असते, आणि ती द्यायला एक पैसाही लागत नाही.

नगरच्या मुलाला घेऊन काउंटरवर गेलो. मी मराठीत सांगितलं, त्याने इंग्रजीत. मी एस.टी.त हेच काम केलंय असंही त्याला सांगायला लावलं. ती मुलगी आधी ऐकेना, म्हणाली, आम्हाला वरून काही कळवत नाहीत. मी म्हटलं, "मुली, खबर नको लिहूस. फक्त वेळ लिही." तिने एक मोठा कागद घेतला, जाड काळ्या पेनने चार वेळा लिहिल्या: 8.30, 14.30, 20.30, 2.30. नकाशा आल्यावर अर्धा तास सोडून. खाली इंग्रजीत लिहिलं, 'पुढची माहिती या वेळेला'. कागद काचेला चिकटवला. अडीच वाजता ती स्वतः बाहेर आली आणि म्हणाली, अजून बंद, पुढचं साडेआठला. एवढंच. रांग अर्ध्यावर आली. रात्री साडेआठला लोक आपापल्या खाटांवरून उठून आले, ऐकलं आणि परत गेले. त्या संध्याकाळी कुणी ओरडलं नाही. मुलगी ड्यूटी संपवून जाताना माझ्याकडे बघून हात हलवून गेली.

सोमवारी बातमी आली की युरोपच्या मंत्र्यांनी ठरवलंय, मंगळवार 20 तारखेपासून आकाशाचे तीन भाग करायचे: जास्त राख तिथे पूर्ण बंदी, थोडी राख तिथे अटींवर उड्डाण, राख नाही तिथे मोकळं. तोपर्यंत नियम असा होता की राख आहे म्हटलं की उडायचंच नाही, मग ती चिमूटभर असो की पोतंभर. किती राख इंजिनाला चालते याचा आकडाच कुणी ठरवून ठेवला नव्हता. विमान कंपन्या चाचणीची उड्डाणं करत होत्या. जर्मनीतच म्युनिकहून दहा रिकामी विमानं कमी उंचीवरून फ्रँकफुर्टला आणून तपासली होती. मला विचाराल तर उशिरा का होईना, आकडा ठरवला हे योग्य झालं. पण 1982 नंतर 28 वर्षं मिळाली होती, हेही खरं.

आकाश उघडलं, पण आमची तारीख 26 च राहिली. कंपनीचं म्हणणं, 21 च्या विमानात 21 च्या तिकीटवाल्यांचा हक्क पहिला, तुम्हाला जागा उरली तर. हे मला अजूनही पटत नाही. घाट उघडला की पहिली गाडी स्थानकात रात्र काढलेल्यांची, ताजा प्रवासी त्याच्यानंतर, हे आमच्याकडचा शिकाऊ कंडक्टरही सांगेल. मुलाने शिकागोहून चार तास फोन धरून कंपनीशी बोलणं केलं. मी इकडे डॉक्टरीणबाईंचं पत्र काउंटरवर ठेवलं. त्या पत्रावर आम्हाला बुधवारी 21 ला जागा मिळाली. नागपूरच्या पोरीलाही बाळामुळे मिळाली. नगरच्या मुलाला 24 पर्यंत थांबावं लागलं. निघताना हिने पर्समधले उरलेले शेंगदाण्याचे लाडू त्याच्या हातात दिले, तर तो म्हणाला, "काकू, आता साडेआठला मी एकटाच जाणार ऐकायला." हिचे डोळे भरून आले.

मागाहून वाचलं की त्या आठवड्यात एक लाखाच्या आसपास उड्डाणं रद्द झाली आणि एक कोटीच्या घरात माणसं अडकली.

पैशाचं थोडक्यात सांगतो. युरोपियन संघाचा 2004 सालचा 261 क्रमांकाचा नियम आहे. युरोपच्या विमानतळावरून सुटणारं विमान रद्द झालं की कारण काहीही असो, जेवण आणि मुक्काम कंपनीने द्यायचा. नुकसानभरपाई मात्र अशा आपत्तीत मिळत नाही. पहिले दोन दिवस आम्हाला कुपनं मिळाली नव्हती, त्यांची 61 युरोंची बिलं मी जपून ठेवली होती. कंपनीचं पहिलं उत्तर आलं, नैसर्गिक आपत्ती, काही देता येत नाही. मी मुलाकडून दुसरं पत्र लिहून घेतलं, त्यात नियमाचं नववं कलम नाव घेऊन टाकलं. ऑगस्टमध्ये पैसे आले. विम्याकडून औषधाचं काही मिळालं नाही, कारण पहिले 100 डॉलर आपणच सोसायचे अशी अट होती आणि बिल त्याच्या आतलं होतं.

कराडला पोचल्यावर दुसऱ्याच दिवशी आमच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ते पेन पाहिलं, मग चिकटपट्टी लावलेलं पाकीट पाहिलं, त्यावरची फुली पाहिली. म्हणाले, "वहिनी, आता एक ठरवा. सगळं 40 चं किंवा सगळं 100 चं. दोन मापं एका घरात नकोत." ही म्हणाली, 40 चंच, हाताला सवय आहे. त्यांनी पेन ठेवून घेतलं आणि पाकीट फोडून सिरिंजा परत दिल्या. घरी आल्यावर हिने अनारशाचं पीठ भिजवायला घेतलं. अधिक महिन्याचे अजून तीन आठवडे बाकी होते.